माळ्यावरचं घंगाळ

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी आत्याकडे गेले, तेव्हा ती चिरोट्यांचा साटा फेसत बसली होती. नाशिकच्या भांडीबाजारातून गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या बोळात तिचं घर. मधल्या खोलीत पाऊल टाकलं की जुनं लाकूड, तूप आणि जमिनीतून वर येणारी ओल यांचा मिळून एक वास येतो, तो मी डोळे मिटूनही ओळखेन. "माळ्यावरून घंगाळ काढ गं, नरकचतुर्दशीला लागेल," ती म्हणाली. मी शिडी लावून वर चढले. माळ्यावर अख्खा संसार होता. घंगाळ, बंब, दोन पराती, कुळाचाराची पितळी भांडी, अण्णांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, दुकानाच्या चोपड्यांची पेटी, शिवणयंत्राचं मुंडकं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा शेजारच्या पोरांनी घाईघाईनं जे वर चढवलं, ते तिथंच राहिलं. लागेल तेवढं खाली येतं आणि काम झालं की परत वर जातं. "आंघोळी झाल्या की वर ठेवायचं हं," तिनं खालूनच बजावलं. मी घंगाळ छातीशी धरून उतरता उतरता म्हणाले, "राहू दे की आता खाली. घाटावर येतं दरवर्षी, पण उंबऱ्याला पाणी लागून सहा वर्षं झाली." तिचा हात थांबला नाही. "तू कॉलेजात हेच शिकवतेस ना? मग सांग, येणार की नाही?" मी म्हणाले, "दर वर्षी शक्यता तेवढीच असते, आत्या. मागे आलं की नाही, याच्याशी काही संबंध नसतो." तिनं साट्याचा थेंब पाण्याच्या वाटीत सोडला, तो तरंगतोय हे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'नं मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

कारण मी तिला जे सांगितलं, ते माझ्या विषयाच्या सोप्या भागातलं उत्तर होतं. फासा टाकला, सहा पडले. पुन्हा टाकला तर मागचे सहा फाशाच्या लक्षात नसतात. हे बरोबरच आहे, पण फाशापुरतं. आत्याच्या मधल्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या चार रेघा आहेत. सर्वांत वरची १९६९ ची, तिच्या सासऱ्यांनी खिळ्यानं ओढलेली, माझ्या कपाळाला लागते. खाली २००८ आणि २०१६, या अण्णांच्या, पेन्सिलीच्या, शेजारी तारीख. आणि २०१९ ची तिची स्वतःची, थोडी तिरकी, कारण तोपर्यंत अण्णा गेले होते आणि एका हातात टॉर्च धरून तिनं ती मारली. खालच्या तिन्ही माझ्या कमरेच्या आसपास आहेत. भिंतीला चुना देताना तेवढा पट्टा सोडून देतात. मधली अंतरं मोजली तर एकोणचाळीस वर्षं, आठ वर्षं, तीन वर्षं. सरासरी काढली तर साधारण सतरा. लहानपणापासून ती भिंत पाहतेय, पुढे पोटापाण्यासाठी सरासऱ्याच शिकवतेय, आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

सतरा वर्षांचं अंतर त्या भिंतीवर कुठंच नाही.

स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, म्हणजे असंख्य कणांचा सरासरीनं हिशेब करणारं माझं शास्त्र, सगळं विस्मरणावर उभं आहे. वर्गात मी हा शब्द वापरत नाही, पण मनात तोच असतो. खोलीतल्या हवेचा एकेक रेणू कुठून निघाला, कुणाला धडकला, याचा हिशेब ठेवता येत नाही आणि ठेवायची गरजही पडत नाही, कारण धडका इतक्या होतात की सुरुवात पुसली जाते. उरतं ते तापमान, दाब, एवढंच. बोल्ट्झमन या भौतिकज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे धाडस केलं. व्यवस्था पुरेसा वेळ फिरली की तिला शक्य असलेल्या सगळ्या अवस्थांतून ती जाऊन येते, तेव्हा एकीलाच दीर्घकाळ पाहिलं काय किंवा अशा हजारो एका वेळी पाहिल्या काय, सरासरी एकच येणार, असं तो मानून चालला. व्हिएन्नात त्याच्या थडग्यावर एंट्रॉपीचं, म्हणजे अव्यवस्थेच्या मापाचं, सूत्र कोरलेलं आहे. मला हे सगळं पुस्तकाआधी अण्णांकडून कळलं, असं आता वाटतं. भांडीबाजारात दिवाळीच्या आधी ठोक्यांचा आवाज इतका दाट असायचा की माणसं खुणांनी बोलायची. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं, आणखी ठोकलं तर तडकतं. मग ते भट्टीत लाल करायचं, ताव द्यायचा. निवल्यावर हात लावला तर पुन्हा मऊ. "ताव दिला की तांबं सगळे घाव विसरतं," अण्णा म्हणायचे. धातूच्या आतल्या कणांची नव्यानं मांडणी होते, घावांनी आत साठलेली गुंतवळ सुटते. अण्णांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या हाताला ते माहीत होतं.

विस्मरणाचा आणखी एक मासला आपल्या नाशिकचाच आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर सरांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येची गंमत जगापुढे मांडली. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत एवढंच. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजाबाकी करा. जे येईल त्याला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथून पुढे हलत नाही. त्या रात्री झोप येईना म्हणून मी आत्याच्या भिंतीवरची वर्षं घेतली. २०१९ चार पायऱ्यांत ६१७४ वर आलं. २०१६ ला पुरत्या सात लागल्या. आणि एकदा तिथं पोचल्यावर कागद फाडून टाकला, तर सुरुवात कुठल्या वर्षापासून केली होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लहानपणी मला यात फक्त जादू दिसायची. त्या रात्री मात्र ६१७४ कडे पाहताना जरा घशाशी आलं. टॉर्चच्या उजेडात मारलेली एक तिरकी रेघ, चार वजाबाक्यांत कुठल्याही दुसऱ्या संख्येसारखी.

पण सगळंच इतक्या लवकर विसरत नाही, हे विज्ञानाला कळलं ते एका हिशेबातून. १९५३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लॉस अलामोसला फर्मी, पास्ता आणि उलाम या तीन शास्त्रज्ञांनी मॅनिअॅक नावाच्या संगणकावर मण्यांची एक माळ कल्पिली. मण्यामण्यांत स्प्रिंगा, आणि स्प्रिंगांचा ताण जरासा वाकडा, म्हणजे ओढ दुप्पट केली तर जोर बरोब्बर दुप्पट होत नाही, एवढाच. संगणकासाठीचं काम मेरी त्सिंगू या तरुण गणितज्ञ बाईंनी केलं. वर्षानुवर्षं त्या हिशेबाला तिघांचीच नावं लावली जात होती, मी वर्गात चौथं नाव आवर्जून फळ्यावर लिहिते. माळेला एकच संथ लाट द्यायची आणि बघत बसायचं, अशी कल्पना. अपेक्षा अशी, की तो वाकडेपणा लाटेची ऊर्जा हळूहळू सगळ्या लाटांत सारखी वाटून टाकेल, ताव दिलेल्या तांब्यासारखी माळ आपली सुरुवात विसरेल. प्रत्यक्षात ऊर्जा थोड्याच लाटांत गेली, तिथं खेळली, आणि पुरेसा वेळ गेल्यावर दोन-तीन टक्के सोडून सगळी पहिल्या लाटेत परत आली. जणू माहेरी. अहवाल १९५५ मध्ये निघाला, तोवर फर्मी गेलेले होते. त्या अहवालाच्या आधी, १९५४ मध्ये, रशियात कोल्मोगोरोव्ह या गणितज्ञानं दाखवायला सुरुवात केली होती की सुव्यवस्थित हालचालीला थोडासा धक्का दिला तर ती एकदम मोडत नाही, तिचा मोठा भाग तग धरून राहतो. आर्नोल्ड आणि मोझर यांनी पुढे त्याला भक्कम केलं. म्हणजे विसरणं आणि न विसरणं यांच्या मध्ये एक मोठा मुलूख आहे. तिथं केऑस आहे, म्हणजे नियम ठाऊक असूनही पुढचं सांगता न येणारा गोंधळ, पण दुबळा. एम.एस्सी. झाल्यावर काही वर्षं मी त्या मुलखात घालवली, आणि मग नोकरी, मुलं, पेपर तपासणं यांत तो मागे पडला. आत्यानं प्रश्न विचारला तो नेमका त्याच मुलखातला, आणि मी उत्तर दिलं फाशाचं.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत चिरोटे लाटायला बसले. पोळ्या लाटायच्या, साटा लावून एकीवर एक ठेवायच्या, गुंडाळी करायची, कापायची, पुन्हा लाटायचं. गणितवाले याहून साधी पोळी कल्पितात. लाटून दुप्पट लांब करायची आणि मधोमध दुमडायची, पुन्हा दुप्पट, पुन्हा दुमड. एकमेकांना चिकटून असलेले दोन तीळ घ्या. प्रत्येक लाटण्यात त्यांच्यातलं अंतर दुप्पट होतं. वीस वेळा लाटलं की दहा लाखांच्या वर पट. मग कुठला तीळ कुठं, याचा ठावठिकाणा लागत नाही. हा खरा सशक्त केऑस, फरकावर चक्रवाढ व्याज. आता समजा, पोळीच्या एका कडेला लाटणं जवळजवळ लागतच नाही. कडेपासून जितकं अंतर, त्याच्या वर्गाइतकाच तीळ दर खेपेला पुढे सरकतो. पोळीची लांबी एक धरली आणि तीळ कडेपासून एक हजारांश अंतरावर असला, तर एका लाटण्यात तो दहा लाखांशानं हलणार. तिथून बाहेर पडायला त्याला सुमारे हजार लाटण्या लागतील. दहा हजारांश अंतरावर असला तर दहा हजार. आणि बाहेर पडला की बाकीच्या पोळीत उसळ्या मारेल, आणि मारता मारता कधीतरी परत त्याच कडेला येऊन बसेल. पोमो आणि मानव्हिल या दोन फ्रेंच भौतिकज्ञांनी १९८० मध्ये हा नमुना मांडला, तो वाहत्या द्रवासाठी. बराच काळ शांत लय आणि मध्येच उसळी, हे कसं घडतं ते सांगण्यासाठी. यात ल्यापुनोव्ह घातांक, म्हणजे ते चक्रवाढ व्याजाचं मान, शून्य येतं. शून्य आलं की पाठ्यपुस्तक म्हणतं, केऑस नाही. पण तीळ कधी सुटेल ते तर कुणालाच सांगता येत नाही.

आत्या माझ्याकडे पाहत होती. "कडा नीट लाट," ती म्हणाली. "कडा जाड राहिल्या की तिथं कच्चं राहतं."

त्या संध्याकाळी घाटावर गेले. दिवाळीचे दिवस, रामकुंडावर गर्दी, उदबत्तीचा धूर, ओल्या कपड्यांचा आणि शेवाळाचा वास. बायका द्रोणात दिवे सोडत होत्या. मी पायरीवर बसून नुसते द्रोण बघत राहिले. बरेचसे सोडल्यासोडल्या धारेला लागत आणि दिसेनासे होत. पण पायरीच्या कोपऱ्यात पाणी जिथं स्वतःभोवती फिरतं, तिथं निर्माल्याची एक चकती झाली होती, झेंडू, बेल, एक कापराची पुडी. एक द्रोण त्या चकतीत शिरला. चार फेऱ्या, दहा फेऱ्या, मग मोजणं सोडलं. प्रत्येक फेरीत वाटे की आता धारेच्या कडेला लागला, आणि तो हलकेच आत वळे. वात विझली तरी तो फिरत होता. मग काही झालं नाही, वारा नाही, लाट नाही, आणि तो सरळ निघून गेला. केऑसच्या समुद्रात सुव्यवस्थेची बेटं असतात आणि त्यांच्या काठाला वाटा चिकटून राहतात, याच्या आकृत्या मी कित्येकदा काढल्या आहेत. काठाला चिकटणं हे असं दिसतं, हे मात्र त्या दिवशी पाहिलं. पलीकडे दुतोंड्या मारुती कोरडा उभा होता, शेंदरावर दिव्यांचा उजेड. पावसाळ्यात सगळं शहर त्याच्याकडे बघून बोलतं, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. धरणातून किती क्युसेक सोडले हा आकडा नंतर येतो, आधी मारुती.

तिथं बसून मी आत्याचं खरं उत्तर मनात मांडलं. तीळ कडेच्या हजारांशात पडण्याची शक्यता हजारात एक. तेव्हा हजार लाटण्यांहून जास्त अडकून राहण्याची शक्यताही साधारण तेवढीच. दोन हजारांहून जास्तची दोन हजारांत एक. म्हणजे जो हजार लाटण्या टिकला, तो आणखी हजार टिकण्याची शक्यता निम्मी. जो सहा टिकला, तो आणखी सहा टिकण्याची निम्मी. फाशाला किती वेळ गेला याच्याशी देणंघेणं नसतं. इथं मात्र गेलेला काळ हिशेबात उतरतो. शांतता जितकी जुनी, तितकी ती आणखी टिकण्याची आशा मोठी, आणि तरी ती आशा निम्मीच, कधीही पुरी नाही. उलट नुकतीच उसळी येऊन गेलेली असेल, तर पुढची लगेच येण्याची भीती सर्वांत जास्त. सरासरी विचाराल तर या नमुन्यात ती नसतेच. जितका जास्त वेळ बघत बसाल तितकी ती वाढत जाते, कुठल्या आकड्यावर ठरत नाही. कड आणखी चिकट केली, तर अगदी सारख्या नियमाच्या दोन पोळ्या सारखाच वेळ लाटल्या तरी एकीत उसळ्या थोड्या, दुसरीत कितीतरी जास्त, आणि वेळ वाढवला म्हणून हा भेद मिटत नाही. एकीला दीर्घकाळ पाहणं आणि हजारो एका वेळी पाहणं सारखंच, हे बोल्ट्झमनचं धाडस इथं चालत नाही. प्रत्येकीला तिच्या वाट्याचंच आयुष्य येतं. हे शोधनिबंधात वाचलं होतं तेव्हा केवढा आनंद झाला होता. घाटावर त्याच वाक्यानं पोटात कालवलं.

नदी म्हणजे पोळी नव्हे, हे मला कळतं. गंगेचं पाणी पावसावर आहे, गंगापूर धरणाच्या दरवाजांवर आहे, काठ किती बुजवले त्यावर आहे. चार रेघांवरून नियम काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करेन. पण दर वर्षी शक्यता तेवढीच, हाही एक नियमच होता आणि तोही मी चार रेघांवरूनच ठोकून दिला होता, भिंतीकडे न बघता. आत्या निदान भिंतीकडे बघत होती. ती एकटी त्या घरात झोपते. आठच्या अंतरानंतर तीनचं अंतर आलं, ते तिनं अंगावर घेतलं आहे. त्या रात्री चिखल उंबऱ्याबाहेर ओढताना तिच्या हाताला जी थरथर सुटली, ती अजून कधीकधी चहाची बशी उचलताना दिसते. आणि मी तिला म्हणाले, संबंध नसतो.

भाऊबीजेला सगळे जमले होते. आंघोळींचे दिवस होऊन गेले होते. चिंचेनं घासलेलं घंगाळ मोरीबाहेर पालथं घातलेलं, लाल, लखलखीत, अण्णांचे ठोके त्यावर एकेक मोजता येत होते. जेवणं झाल्यावर मी आत्याजवळ बसले आणि म्हणाले, त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. मग चिरोटे, कड, तीळ, सगळं सांगितलं. ती सुपारी कातरत शांतपणे ऐकत होती. मध्ये एकदाच विचारलं, "निम्मी म्हणजे रुपयातले आठ आणे?" मी हो म्हणाले. "आणि आणखी सहा वर्षं गेली म्हणजे?" मी म्हणाले, "मग पुढच्या बारांचे आठ आणे." तिनं अडकित्ता मिटवून ठेवला. बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर पोरं लवंगी लावत होती आणि बोळात आवाज दोनदा फुटत होता.

मी शिडी आणायला उठले. शिडी लावली, घंगाळ उचललं, आणि तिनं मला हाक मारली. ती फडताळापाशी उभी होती, रेघांच्या भिंतीला लागूनच ते फडताळ आहे. तिनं तळहात २०१९ च्या रेघेवर ठेवला, मग तिथून सरळ वर नेत फडताळाच्या वरच्या फळीला लावला. फळी त्या रेघेच्या दीड हात वर भरली. १९६९ ची रेघ फळीच्याही वर होती, तिकडे तिनं एकदा मान वर करून पाहिलं.

"माळ्यावर नको," ती म्हणाली. "इथं ठेव. मागे सरकव, कडेला नको."